कडेचा पुंजका

ट्रेमधल्या सातव्या ठोकळ्यावरचा नंबर वाचला आणि धाकटीची नजर तिथेच अडकली. ट्रे तिचा नव्हता. पलीकडच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचा होता, ज्याला सगळी लॅब आधी पाठीमागे आणि आता सर्रास तोंडावर ‘सावकाश’ म्हणायची. सकाळचे साडेनऊ झाले होते आणि तो अजून दुसऱ्याच ठोकळ्यावर होता. बाकीचे मेणाचे ठोकळे बर्फाच्या लादीवर ओळीने गार होत पडले होते. प्रत्येकाच्या पोटात कुणाच्या तरी शरीराचा नखाएवढा तुकडा आणि पाठीवर नंबर. नाव नाही. इथे नाव कुणालाच नसतं. पण हा नंबर धाकटीने काल दुपारी रजिस्टरमध्ये पाहिला होता, तीन वेळा पाहिला होता, आणि आपण तो मुळीच पाठ केलेला नाही असं स्वतःला बजावलं होतं. बजावून काय होतंय! आता तो समोर होता, पुढे एक, दोन, तीन असे आकडे लावलेला. ताईच्या काखेतून काढलेल्या तीन ग्रंथी. छातीतली गाठ महिन्याभरापूर्वीच काढली होती, ती घातक निघाली होती, तो धक्का पचवून झाला होता. आता प्रश्न एवढाच होता की ती तिथून निघून काखेपर्यंत पोचली होती की नव्हती. पोचली असेल तर ताईचं पुढचं आयुष्य एक, नसेल तर दुसरं. आणि ते उत्तर सावकाशच्या ट्रेमध्ये रांग लावून बसलं होतं.

धाकटी बावन्न वर्षांची होती. चष्मा दोनदा बदलून झाला होता, गुडघे कुरकुरायचे, नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. पण धाकटी ती धाकटीच. ताईने हाक मारली की नववीतल्या मुलीसारखी ‘आले गं’ म्हणून उठायची. आई गेली तेव्हा धाकटी सात वर्षांची होती आणि ताई सतराची. वडील होते, पण ते असून नसल्यासारखे. खुर्चीत बसून भिंतीकडे बघायचे. ताईने शाळा सोडली आणि एका मोठ्या लाँड्रीत कामाला लागली, जिथे हॉटेलांच्या चादरी दिवसभर वाफेच्या रुळांमधून काढायच्या असत. दोघींनी दोन टोकं धरायची, ताणायची, रुळात सरकवायची, पलीकडून घडी घालायची. सत्तावीस वर्षं तिने तेच केलं. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याच्या बारीक बारीक खुणा होत्या, आणि धाकटीला लहानपणी वाटायचं की मोठं झालं की सगळ्यांच्याच हातांवर त्या येतात. त्याच हातांनी ताईने तिची वेणी घातली, तिला पाढे शिकवले, तिच्या कानाखालीही वाजवली, आणि लॅबच्या या शिक्षणाला पाठवताना फॉर्मवर ‘पालक’ लिहिलं होतं तिथे सही केली. या सगळ्याबद्दल धाकटीने तिचे कधी एका शब्दाने आभार मानले नव्हते. मानणार कसे? घरच्या माणसांचे कुणी आभार मानतं का? मानले असते तर ताईने आधी तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

लॅबमध्ये एक नियम होता. भिंतीवर लिहिलेला नव्हता, पण पाळायचे सगळे. आपल्या माणसाचा ठोकळा आपण कापायचा नाही. नंबर ओळखीचा निघाला तर गुपचूप शेजारच्याच्या ट्रेमध्ये सरकवायचा आणि शेजारच्याने काही विचारायचं नाही. काल धाकटीने तेच केलं होतं. सावकाशने ठोकळे पाहिले, तिच्याकडे पाहिलं, मान हलवली, संपलं. पण आज त्याची ती कामाची तऱ्हा पाहून तिचा जीव टांगणीला लागला. तो पात्याचं चाक फिरवायचा, मेणाची रिबीन निघायची, ती कोमट पाण्याच्या भांड्यात अलगद सोडायचा, काचेवर उचलायचा, इथवर सगळ्यांसारखंच. मग प्रत्येक ठोकळ्यानंतर हा महाशय टिपकागदाची पट्टी घेऊन पाण्याचा अख्खा पृष्ठभाग पुसून काढायचा. एकदा नाही, तीनदा. मग चिमटा पुसायचा. मग पातं. मग चष्मा. इतर लोक दोन-चार ठोकळ्यांनंतर एकदा पाणी निपटत. पुस्तकात काहीही लिहिलेलं असो, दिवसाला शंभर ठोकळे असले की असंच होतं. धाकटीने त्याची कितीदा टिंगल केली होती. ‘अहो, पाण्याला आंघोळ घालताय की काय?’ तो म्हणायचा, ‘घालतोय. तुमच्या पाण्याला पण घालू का?’ आणि पुन्हा टिपकागद उचलायचा.

पावणेदहाला सावकाश चहाला गेला. त्याचा चहासुद्धा वीस मिनिटांचा. धाकटी उठली. आपण उठलोय हे तिला तीन पावलं टाकल्यावर कळलं. हात सरळ त्या तीन ठोकळ्यांकडे गेला. कुणी पाहिलं नाही, आणि पाहिलं असतं तरी काय, सव्वीस वर्षं या खोलीत काढलेल्या बाईला कोण विचारणार! तिने ते आपल्या यंत्रावर लावले. हात नेहमीच्या सफाईने चालत होते. तिला स्वतःचाच अभिमान वाटला, त्याही क्षणी. रिबीन सुरेख निघाली, पातळ, एकाही सुरकुतीशिवाय. पाण्यावर ती पसरली आणि त्यातली घेवड्याच्या दाण्याएवढी ग्रंथी फिकट दिसली. हे ताईचं, असं तिच्या मनात आलं, आणि मग पटकन दुसरा विचार आला की नाही, हे सात नंबर. तिने काच बुडवून ती उचलली. सहा मिनिटांत तिन्ही ठोकळे कापून झाले. ठोकळे परत लादीवर, काचा रंगाच्या रॅकमध्ये. सावकाश आला, त्याने आपल्या ट्रेकडे पाहिलं, रॅककडे पाहिलं, आणि टिपकागदाची नवी पट्टी फाडली. बोलला काहीच नाही. त्याचं ते न बोलणंच धाकटीला दिवसभर टोचत राहिलं.

काचा रंगून दुपारपर्यंत येतात. तोवर ती दुसऱ्यांचे नंबर कापत राहिली आणि डोकं जुन्या गोष्टी उकरत राहिलं. ती नोकरीला लागली तेव्हा मोठ्या बाई, म्हणजे लॅबच्या प्रमुख डॉक्टर, तशा मोठ्या नव्हत्या. तिच्याहून आठ-नऊ वर्षांनीच पुढे. पण काच नुसती कापून देणारा माणूस त्यांना चालायचा नाही. ‘तू काय कापतेस ते तुला कळायला हवं,’ असं म्हणून त्या तिला दुपारी सूक्ष्मदर्शकापाशी बसवायच्या. त्यांच्या यंत्राला डोळ्यांच्या दोन जोड्या होत्या, समोरासमोर बसून दोघींना एकच काच दिसायची. ‘गाठ म्हणजे काय? पेशी वाढतात, कुणी सांगितलेलं नसताना, आणि थांब म्हटलं तरी थांबत नाहीत. एवढंच. आता ती गाठ आपल्या जागी गपगुमान बसून राहिली, शेजारपाजाऱ्यांना नुसती ढकलत राहिली, तर ती सौम्य. शेजारच्या घरात घुसली तर घातक.’ मग नावं. शेवटी ‘ओमा’ आलं की गाठ. चरबीची लायपोमा, ती सौम्य. पण लगेच बोट उगारून, ‘ओमा आलं म्हणून निर्धास्त व्हायचं नाही हं. लिम्फोमा आहे, मेलानोमा आहे, नावं किती गोंडस आणि गुण बघ!’ अंगाच्या बाहेरच्या-आतल्या अस्तरातून घातक गाठ निघाली तर कार्सिनोमा, हाड-स्नायू-चरबीतून निघाली तर सार्कोमा. ‘नाव म्हणजे गाठीचं माहेर,’ बाई म्हणायच्या. ‘छातीतली गाठ उद्या हाडात जाऊन बसली तरी ती हाडाची होत नाही. माहेर छातीच.’ धाकटीला ते ऐकून तेव्हा नवल वाटलं होतं. घरी जाऊन तिने ताईला सांगितलं होतं आणि ताई चादरीची घडी घालता घालता म्हणाली होती, ‘बरं आहे बाई, कुणीतरी माहेर धरून आहे.’ दोघी किती हसल्या होत्या. हसण्यासारखं काय होतं त्यात, देव जाणे.

पुढे ग्रेड आणि स्टेज. यात लोक कायम घोळ घालतात, अजूनही घालतात, रिपोर्ट हातात घेऊन खिडकीशी येतात आणि ‘ग्रेड दोन म्हणजे दुसरी स्टेज का हो?’ असं विचारतात. धाकटी त्यांना समजावून सांगायची, रोज सांगायची, कंटाळा न करता. ग्रेड म्हणजे पेशी किती बिघडल्या. मूळ पेशींसारख्या अजून थोड्या दिसतात, शिस्तीत गोल करून बसतात, तर ग्रेड एक. घरची सगळी वळणं विसरून अक्राळविक्राळ झाल्या, कुणाचा कुणाला मेळ नाही, तर तीन. आणि स्टेज म्हणजे गाठ किती मोठी झाली नि कुठवर गेली. ती जवळपास सरकत जाते, किंवा अंगातल्या रसाच्या बारीक नळ्यांतून आधी जवळच्या ग्रंथींत पोचते, किंवा रक्तातून थेट लांब, फुप्फुसात, यकृतात, हाडात. कधी पोटाच्या पोकळीत नुसती सांडते आणि जिथे पडेल तिथे रुजते. हे सगळं धाकटीला मुखोद्गत होतं. महिन्याभरापूर्वी ताईच्या गाठीचा रिपोर्ट आला तेव्हा ‘ग्रेड एक’ हे दोन शब्द वाचून ती जिन्यात बसून रडली होती. आनंदाने. घातक म्हणून लिहिलेलं असताना आनंदाने! ताईने मात्र एकाही शब्दाचा अर्थ विचारला नाही. ती म्हणाली, ‘तुला कळलंय ना? मग झालं. मी कशाला दोघींच्या डोक्याला ताप करू?’

साडेतीनला मोठ्या बाईंनी तिला आत बोलावलं. त्यांच्या केसांत आता काळं शोधावं लागे. त्यांनी दार लावलं, तेव्हाच धाकटीला कळलं. ‘बस,’ त्या म्हणाल्या. ‘हा तुझ्या बहिणीचा नंबर आहे, मला माहीत आहे. पहिल्या दोन ग्रंथी स्वच्छ आहेत. तिसरीच्या कडेला बघ.’ धाकटीने डोळे लावले. निळ्याजांभळ्या बारीक पेशींची दाट ग्रंथी, भोवती गुलाबी कवच, आणि कवचाला टेकून बाहेरच्या अंगाला एक पुंजका. पंचवीस-तीस पेशी असतील. मोठ्या, काळपट पोटाच्या, एकमेकींवर चढलेल्या. समोरच्या बाजूने बाई काहीतरी बोलत होत्या, लहान आहे, एकाच ग्रंथीत आहे, हल्ली उपचार चांगले आहेत. धाकटी ‘हो बाई’ म्हणत होती. तिच्या डोळ्यांना पाणी आलं नाही, उलट काचेवरची प्रत्येक गोष्ट इतकी ठळक दिसायला लागली की तिला वाटलं आता आपल्याला जन्मभर हेच दिसणार. ‘मला थोडं वेगळं वाटतंय,’ बाई म्हणाल्या. ‘मूळ गाठीच्या काचा वरच्या कपाटातून मागवल्यात, उद्या सकाळी ताडून बघते आणि मग सही करते. आज घरी काही बोलू नकोस. जा, आज लवकर जा.’

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. कुणीतरी उठून दिली बहुतेक. तिचा चेहराच तसा झाला असणार. बाहेर दुकानं, सिग्नल, एक बाई छत्री उघडायला झगडत होती आणि स्वतःवरच हसत होती. धाकटीच्या डोळ्यांपुढे पुंजका. मन एकदम हिशेबी झालं होतं: सहा महिने इंजेक्शनं, मग किरणं, ताईचे केस जातील, ताईला केसांचा केवढा सोस. मग कुठूनसं तिला आठवलं की पुंजका नीट दिसण्यासाठी बाईंनी सूक्ष्मदर्शकाचं बारीक चाक फिरवलं होतं. फिरवलं तेव्हा पुंजका स्पष्ट झाला होता आणि ग्रंथी पुसट. म्हणजे दोन्ही एका पातळीवर नव्हते. पुंजका ग्रंथीच्या वर होता. वर पडलेला. तिच्या हातातली पिशवी मांडीवरून घसरली. आणि ताईची गाठ ग्रेड एक होती, शिस्तीत गोल करून बसणारी. या पेशी तर थेट तीनच्या, माहेर पार विसरलेल्या. आणि सकाळी ताईच्या ठोकळ्यांच्या अगदी आधी तिच्या यंत्रावर काय लागलं होतं? एका बाईच्या छातीची गाठ. मोठी, ठिसूळ, कापताना कडा सुटणारी. त्या ठोकळ्यानंतर आपण पाणी निपटलं होतं का? तिने डोळे मिटून तो सगळा वेळ पुन्हा चालवला. उठले, सावकाशच्या टेबलाशी गेले, ठोकळे आणले, लावले. पाणी? पाण्याला हात लावल्याचं आठवेना. आठवेना म्हणजे लावलाच नव्हता. असं होतं, नवख्यांना पहिल्याच आठवड्यात सांगतात, आधीच्या तुकड्याचा कण पाण्यावर तरंगत राहतो आणि पुढच्याच्या काचेवर चढून बसतो. ती स्वतःच सांगायची नवख्यांना.

आता खरं तर तिला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं, आणि लगेच तिने स्वतःला धारेवर धरलं. हे तुला दिसलं की तुला दिसायला हवं होतं? खिडकीशी येणारी माणसं म्हणतात ना, ‘रिपोर्ट बदलला असेल हो, दुसऱ्या कुणाचा असेल, पुन्हा बघा ना जरा.’ किती जणांना तिने हळुवारपणे सांगितलं होतं की नाही, तुमचाच आहे. आज ती खिडकीच्या पलीकडे उभी होती. आणि समजा उद्या सांगितलं आणि पुन्हा कापल्यावरही पुंजका निघाला, तर? तर नियम मोडल्याचं कबूल केलं, सव्वीस वर्षांची अब्रू घालवली, आणि वर ते आहे तसंच. दुसऱ्या कुणाचा तरी असू दे, ती मनात म्हणत राहिली. दर थांब्याला म्हणत राहिली. कुणाचाही असू दे, कुणाचाही, ताईचा नको.

घरी ताई डावा हात उशीवर टेकून बसली होती, ऑपरेशनची बाजू. उजव्या हाताने शब्दकोडं सोडवत होती आणि नेहमीप्रमाणे मनाचे शब्द घालून चौकोन भरत होती. ‘लवकर आलीस?’ एवढंच म्हणाली. धाकटीच्या चेहऱ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पुन्हा कोड्यात डोकं घातलं. थोड्या वेळाने म्हणाली, ‘तोंड धुऊन ये. आणि मला काही सांगू नकोस. तुझं पक्कं होईल तेव्हा सांग.’ धाकटी नळ सोडून उभी राहिली. मागे एकदा, ती अकरावीत असताना, परीक्षेत तिने शेजारणीचा पेपर बघून एक उत्तर लिहिलं होतं. कुणाला कळलं नव्हतं. ताईला कळलं, कसं ते ताईच जाणे. ओरडली नाही. दुसऱ्या दिवशी लाँड्रीतून अर्ध्या दिवसाची सुटी घेऊन तिला घेऊन शाळेत गेली आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिली. ‘आत तू जा. सांगून ये. मी आहे इथे.’ धाकटी आत गेली, सांगितलं, उत्तराला शून्य मिळालं, आणि परत येताना ताई रस्ताभर तिच्याशी तिच्या आवडीच्या गप्पा मारत होती. तेव्हा धाकटीला तिचा रागच आला होता. आता नळाखाली हात धरून तिच्या लक्षात आलं की आपल्याला उद्या काय करायचं ते आत्ता ठरवायचं नाहीये, ते केव्हाच ठरलेलं आहे. कुणीतरी तिला असं घडवून ठेवलं होतं. तिला इतकं भरून आलं की नळ बंद करायचं सुचेना, आणि आतून ताईने हाक मारली, ‘पाणी काय फुकट येतंय का गं?’

सकाळी साडेआठला मोठ्या बाई कोट चढवत होत्या तेव्हाच ती आत शिरली. म्हणाली, ‘बाई, ते ठोकळे मी कापले. सावकाशच्या ट्रेमधून उचलून. आणि आधीच्या ठोकळ्यानंतर पाणी निपटलं नाही. आधीचा ठोकळा छातीच्या गाठीचा होता, ठिसूळ, आणि पुंजक्यातल्या पेशी ग्रेड तीनच्या दिसतात. पुंजका वेगळ्या पातळीवर आहे असं मला वाटतंय. वाटतंय म्हणजे, मला तसं वाटायला हवं आहे हेही खरंच आहे.’ सगळं एका दमात. बाईंनी कोटाची बटणं लावली. ‘तुला कळायला हवं होतं,’ एवढंच म्हणाल्या, आणि ते धाकटीला पुरलं. त्याहून जास्त कुणी काय बोलणार होतं! मग त्यांनी सावकाशला बोलावलं. तिसरा ठोकळा पुन्हा, खोलवर, दहा पातळ्या. शिवाय अस्तराच्या पेशी असतील तर तपकिरी करून दाखवणारा तो खास रंग. ‘आणि तुझ्या पद्धतीने कर,’ बाई म्हणाल्या. सावकाशने मान हलवली. दारातून बाहेर पडल्यावर धाकटी म्हणाली, ‘काल तुम्ही रॅक पाहिलं होतंत. बोलला का नाहीत?’ तो म्हणाला, ‘बोललो असतो तर तुम्ही ऐकलं असतंत?’ मग म्हणाला, ‘तुमचं पाणी मी काल तुम्ही गेल्यावर निपटलं. टिपकागदावर काय काय निघालं बघायचंय? पाकिटात घालून ठेवलंय, तारीख घालून.’

दहा पातळ्या कापायला त्याने दीड तास घेतला. धाकटी समोर बसून दुसरे ठोकळे कापत होती आणि प्रत्येकानंतर पाणी पुसत होती, आणि तिला कळत होतं की हा दीड तास तो आपल्यासाठी एक मिनिटही कमी करणार नाही, आणि त्याने करू नये. एक पट्टी. दुसरी. तिसरी. चिमटा. पातं. चष्मा. कालपर्यंत ज्या माणसाचा चष्मा पुसणं तिच्या डोक्यात जायचं, त्याच्या हातांकडे ती आता टक लावून बघत होती, आणि मनात म्हणत होती, हळू, अजून हळू, बाबा रे, तुझ्यासारखा कुणी इथे आहे हे किती बरं आहे.

रंग व्हायला वेळ गेला. चारच्या सुमाराला मोठ्या बाईंनी दार उघडंच ठेवून तिला हाक मारली. दहाच्या दहा पातळ्या स्वच्छ. खास रंगातही ग्रंथीत तपकिरीचा ठिपका नाही. आधीच्या ठोकळ्याच्या काचेशी पुंजका ताडून पाहिला, जुळा भाऊ शोभावा इतका सारखा. ‘तिन्ही ग्रंथी मोकळ्या,’ बाई म्हणाल्या. ‘झालेला प्रकार मी लिहून ठेवते आहे, तुझ्या नावानिशी. ते ठेवावंच लागेल.’ ‘ठेवा बाई,’ धाकटी म्हणाली, आणि तिला खरोखरच त्याचंही बरं वाटलं. मग ती सावकाशच्या टेबलाशी गेली आणि म्हणाली, ‘थँक यू हं.’ तो इतका गडबडला की त्याच्या हातून टिपकागदाचा गठ्ठाच खाली पडला. ‘कशाबद्दल?’ ‘असंच.’ ‘अहो, मी काय केलं, पाणीच तर पुसलं.’ दोघांनी मिळून कागद गोळा केले.

बस तिने सोडून दिली, चालत गेली. रस्त्यातल्या प्रत्येक गोष्टीवर तिचं मन जात होतं: पुलाच्या कठड्यावर पाठमोरी बसलेली दोन म्हातारी माणसं, बेकरीच्या दारातली ऊब, एका खिडकीत कुणीतरी रेडिओ लावून भिंत रंगवत होतं. हे सगळं कालही असणार, पण काल तिला ते मिळालं नव्हतं. आज तिला वाटत होतं की जो समोर येईल त्याचा हात धरावा आणि सांगावं. काय सांगावं? शब्द एकच होता आणि तो आज ती ताईला म्हणणार होती, बघू दे तिला कपाळाला हात लावून ताप.

ताईने तिचं तोंड पाहूनच कोडं बाजूला ठेवलं. धाकटीने आधी सांगितलं, ‘नाही गेलेलं. तिन्ही मोकळ्या आहेत.’ ताईने डोळे मिटले. मग धाकटीने बाकीचं सांगितलं: ठोकळे उचलले ते, पाणी, पुंजका, कालची संध्याकाळ, सकाळची कबुली, सावकाशचा दीड तास. सांगता सांगता हसू यायला लागलं. ‘रात्रभर मी म्हणत होते, ताई, दुसऱ्या कुणाचा असू दे, कुणाचाही असू दे. आणि निघाला गं! दुसऱ्याचाच निघाला!’ आणि मग, एकदम, घाईने, ‘ताई, तू मला शिकवलंस ना. सगळं. थँक यू.’

ताई हसली नाही. कपाळालाही हात लावला नाही. भाजल्याच्या खुणांचा उजवा हात तिने धाकटीच्या हातावर ठेवला. म्हणाली, ‘आणि ती?’

‘कोण ती?’

‘जिचा निघाला ती. तिला कोण आहे?’

कालपासून आत्तापर्यंत, त्या एवढ्या उलाघालीत, एकदाही धाकटीच्या मनात ती बाई आली नव्हती. नंबर आला होता, ठोकळा आला होता, ग्रेड आली होती. कुठेतरी एका खोलीत ती आत्ता बसली असेल, अजून तिला रिपोर्ट मिळाला नसेल. ‘मला माहीत नाही,’ ती म्हणाली, आणि दोन दिवस न आलेलं रडू आता आलं. ताईने ते येऊ दिलं. मग म्हणाली, ‘तिच्याही काखेतल्या गाठी येतील ना तुमच्याकडे?’

‘येतील. दोन-चार आठवड्यांत.’

‘त्या तू काप,’ ताई म्हणाली. ‘आपल्या माणसाच्या असल्यासारख्या नको. नीट काप.’